पोत्यावरील टक्क्यांवरून खताचे रासायनिक सूत्र कसे काढावे?

कृषी सेवा केंद्रात जस्ताचे खत मागितले की दोन प्रकारच्या पिशव्या समोर येतात. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘झिंक सल्फेट’ लिहिलेले असते. एकीवर जस्त २१ टक्के, तर दुसरीवर ३३ टक्के. दुसरीचा दर जास्त असतो. बरेच शेतकरी स्वस्त पिशवी उचलतात, किंवा महाग पिशवी घेऊन एकरी मात्रा मात्र तीच ठेवतात. दोन्ही वेळा हिशेब चुकतो. नाव एकच असताना टक्केवारी वेगळी का, आणि त्यापैकी खरे झिंक सल्फेट कोणते, या प्रश्नाचे उत्तर पिशवीवरील आकड्यांतच दडलेले असते. ते काढण्यासाठी भागाकार आणि गुणाकार पुरेसा आहे.

रसायनशास्त्रात या पद्धतीला घटकांच्या टक्केवारीवरून एम्पिरिकल फॉर्म्युला काढणे म्हणतात. एम्पिरिकल फॉर्म्युला म्हणजे पदार्थातील मूलद्रव्यांच्या अणूंचे सर्वात साधे प्रमाण दाखवणारे सूत्र. या लेखात त्याला आपण ‘साधे सूत्र’ म्हणू. शेतकऱ्यांना खत निवडताना आणि मात्रा ठरवताना, तर कृषी सहायकांना प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना ही पद्धत उपयोगी पडते.

टक्के वजनाचे, सूत्र संख्येचे

पोत्यावरील टक्के वजनाचे असतात. सूत्र मात्र अणूंची संख्या सांगते. १० किलो ज्वारी आणि १० किलो भुईमुगाच्या शेंगा वजनाला सारख्या असल्या तरी दाण्यांची आणि शेंगांची संख्या सारखी नसते, कारण एका दाण्याचे आणि एका शेंगेचे वजन वेगळे असते. अणूंचेही तसेच आहे. जस्ताचा एक अणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे ६५ पट जड असतो. म्हणून वजनावरून संख्येकडे जायचे असेल, तर प्रत्येक मूलद्रव्याच्या वजनाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागावे लागते.

खतांच्या हिशेबासाठी लागणारी अणुवस्तुमाने पुढीलप्रमाणे :

| मूलद्रव्य | अणुवस्तुमान |
|---|---|
| हायड्रोजन | १ |
| कार्बन | १२ |
| नायट्रोजन (नत्र) | १४ |
| ऑक्सिजन | १६ |
| मॅग्नेशियम | २४.३ |
| फॉस्फरस | ३१ |
| गंधक | ३२ |
| पोटॅशियम | ३९ |
| कॅल्शियम | ४० |
| जस्त | ६५.४ |

पद्धतीच्या चार पायऱ्या

१. पदार्थ १०० ग्रॅम आहे असे धरावे. म्हणजे टक्क्यांचे आकडे थेट ग्रॅम होतात.
२. प्रत्येक मूलद्रव्याच्या ग्रॅमना त्याच्या अणुवस्तुमानाने भागावे. येणाऱ्या आकड्याला मोल म्हणतात.
३. सर्व मोलांना त्यांतील सर्वात लहान आकड्याने भागावे.
४. उत्तरे पूर्णांकांच्या अगदी जवळ असतील तर पूर्णांक घ्यावेत. १.५, २.४ अशी उत्तरे आली तर सर्वांना २, ३, ५ अशा एकाच लहान संख्येने गुणून पूर्णांक करावेत.

उदाहरण १ : युरिया

शुद्ध युरियाच्या विश्लेषणात चार मूलद्रव्ये मिळतात.

| मूलद्रव्य | टक्के | मोल | लहान आकड्याने भागून |
|---|---|---|---|
| कार्बन | २०.०० | २०.०० ÷ १२ = १.६६७ | १ |
| हायड्रोजन | ६.६७ | ६.६७ ÷ १ = ६.६७ | ४ |
| नायट्रोजन | ४६.६७ | ४६.६७ ÷ १४ = ३.३३४ | २ |
| ऑक्सिजन | २६.६७ | २६.६७ ÷ १६ = १.६६७ | १ |

म्हणजे युरियाचे साधे सूत्र कार्बन १, हायड्रोजन ४, नायट्रोजन २, ऑक्सिजन १ असे येते. या अणूंच्या वजनांची बेरीज १२ + ४ + २८ + १६ = ६०. युरियाचे रेणुवस्तुमानही ६० आहे, म्हणून येथे साधे सूत्र आणि खरे रेणुसूत्र एकच ठरते. ६० पैकी २८ भाग नत्र म्हणजे ४६.६७ टक्के. पोत्यावर ४६ टक्के लिहिलेले असते, कारण व्यापारी मालात थोडा ओलावा आणि थोडे बाययुरेट असते. ४५ किलोच्या पोत्यातून ४५ × ०.४६ = २०.७ किलो नत्र मिळते.

बाययुरेट म्हणजे काय, हेही सूत्रावरून समजते. युरिया तयार होताना उष्णतेने दोन रेणू जोडले जातात आणि अमोनियाचा एक रेणू बाहेर पडतो. ६० + ६० − १७ = १०३ हे बाययुरेटचे रेणुवस्तुमान. त्यात नायट्रोजनचे ३ अणू म्हणजे ४२ भाग असतात, म्हणून नत्र ४०.८ टक्के भरते. एकूण नत्राच्या आकड्यात बाययुरेटमुळे फारसा फरक दिसत नाही, पण फवारणीतून ते जास्त गेले तर पाने करपतात. लिंबूवर्गीय पिके त्याला विशेष संवेदनशील असतात. म्हणून युरियाच्या फवारणीसाठी केवळ नत्राचा आकडा पाहून चालत नाही, बाययुरेटचे प्रमाणही पाहावे.

साध्या सूत्राची एक मर्यादा येथेच लक्षात घ्यावी. अमोनियम सायनेट नावाच्या क्षाराचे साधे सूत्रही हुबेहूब युरियासारखेच येते. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच क्षारापासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला होता. अणू तेवढेच, जोडणी मात्र वेगळी. सूत्र किती अणू आहेत ते सांगते, ते कसे जोडले आहेत हे सांगत नाही.

उदाहरण २ : झिंक सल्फेट २१ टक्के आणि ३३ टक्के

आता सुरुवातीच्या दोन पिशव्यांकडे वळू. प्रयोगशाळा सहसा जस्त आणि गंधक एवढेच मोजते. ऑक्सिजन आणि हायड्रोजन मोजले जात नाहीत. तरीही नमुना शुद्ध असेल तर दोन आकड्यांवरून पूर्ण सूत्र निघते.

पहिला शुद्ध नमुना : जस्त २२.७६ टक्के, गंधक ११.१३ टक्के.

- जस्त : २२.७६ ÷ ६५.४ = ०.३४८ मोल
- गंधक : ११.१३ ÷ ३२ = ०.३४८ मोल
- प्रमाण १ : १, म्हणजे जस्ताच्या एका अणूमागे एक सल्फेट.
- एका सल्फेटचे वजन ३२ + ६४ = ९६. म्हणून सल्फेट ०.३४८ × ९६ = ३३.४ ग्रॅम.
- जस्त आणि सल्फेट मिळून ५६.१६ ग्रॅम. १०० मधून उरले ४३.८४ ग्रॅम. हे पाणी.
- पाण्याचे रेणुवस्तुमान १८. ४३.८४ ÷ १८ = २.४३६ मोल.
- २.४३६ ÷ ०.३४८ = ७.

म्हणजे जस्ताच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे ७ रेणू. हे पाणी ओलावा नव्हे. ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असते, म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. पिशवी हाताला कोरडी लागते, तरी तिच्या वजनातला जवळजवळ ४४ टक्के भाग पाणी असतो.

दुसरा शुद्ध नमुना : जस्त ३६.४५ टक्के, गंधक १७.८४ टक्के. येथे जस्त आणि गंधक दोन्हींचे मोल सुमारे ०.५५७ येतात. सल्फेट ५३.५ ग्रॅम, जस्तासह ८९.९५ ग्रॅम, उरले १०.०५ ग्रॅम पाणी. १०.०५ ÷ १८ = ०.५५८. म्हणजे जस्ताच्या एका अणूमागे पाण्याचा एकच रेणू.

दोन्ही पिशव्यांत खरे झिंक सल्फेटच आहे. पहिलीत ७ पाण्यांचे, म्हणजे हेप्टाहायड्रेट, आणि दुसरीत एका पाण्याचे, म्हणजे मोनोहायड्रेट. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार हेप्टाहायड्रेटमध्ये किमान २१ टक्के जस्त व १० टक्के गंधक, तर मोनोहायड्रेटमध्ये किमान ३३ टक्के जस्त व १५ टक्के गंधक असावे लागते.

मात्रेचा हिशेब

शिफारस ‘एकरी १० किलो झिंक सल्फेट’ अशी असेल, तर ती कोणत्या प्रकारासाठी आहे हे आधी पाहावे. ती २१ टक्क्यांच्या प्रकारासाठी असल्यास :

- २१ टक्के : १० × ०.२१ = २.१ किलो जस्त
- तेवढेच जस्त ३३ टक्क्यांतून : २.१ ÷ ०.३३ = सुमारे ६.४ किलो

फवारणीतही हाच नियम लागू होतो. १० लिटर पाण्यात २१ टक्क्यांचे ५० ग्रॅम घेतले तर १०.५ ग्रॅम जस्त जाते. ३३ टक्क्यांचे खत असेल तर त्यासाठी ३२ ग्रॅम पुरतात. ५० ग्रॅमच टाकले तर जस्त दीडपटीहून जास्त होते आणि कोवळी पाने करपण्याचा धोका वाढतो.

दराची तुलना किलोमागे न करता जस्ताच्या किलोमागे करावी. समजा, २१ टक्क्यांचे खत ६० रुपये किलो आणि ३३ टक्क्यांचे ८५ रुपये किलो आहे. ६० ÷ ०.२१ = २८६ रुपये आणि ८५ ÷ ०.३३ = २५८ रुपये. या दरांत महाग दिसणारी पिशवी प्रत्यक्षात स्वस्त पडते. आपल्या गावातील दर घालून हा भागाकार दुकानातच करून पाहावा.

भेसळ ओळखण्यासाठी प्रमाणाचा उपयोग

झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते. दोन्ही पांढरे स्फटिक, दोन्ही पाण्यात विरघळणारे, आणि मॅग्नेशियम सल्फेट बरेच स्वस्त. डोळ्यांना फरक कळत नाही. अणूंचे प्रमाण मात्र लपत नाही.

समजा, २१ टक्क्यांच्या पिशवीचा प्रयोगशाळा अहवाल असा आला : जस्त १३.७ टक्के, गंधक ११.९ टक्के.

गंधकाचा आकडा लेबलवरील १० टक्क्यांपेक्षा जास्तच आहे. केवळ तो पाहणाऱ्याला खत उत्तम वाटेल. पण मोल काढून पाहा :

- जस्त : १३.७ ÷ ६५.४ = ०.२०९५
- गंधक : ११.९ ÷ ३२ = ०.३७२
- प्रमाण १ : १.७८

शुद्ध झिंक सल्फेटमध्ये हे प्रमाण १ : १ असायला हवे. जस्ताला लागतो त्यापेक्षा ०.१६२५ मोल गंधक जास्त आहे, म्हणजे जस्ताखेरीज दुसरे कोणते तरी सल्फेट पिशवीत आहे. ते ७ पाण्यांचे मॅग्नेशियम सल्फेट धरले, तर त्याचे वजन ०.१६२५ × २४६.३ = ४० ग्रॅम येते. झिंक सल्फेट ०.२०९५ × २८७.४ = ६०.२ ग्रॅम. बेरीज जवळजवळ बरोबर १००. म्हणजे १० किलोच्या पिशवीत ४ किलो माल दुसराच असण्याची दाट शक्यता आहे. पण हा अंदाज आहे. जास्तीचे सल्फेट सोडियमचे किंवा लोहाचेही असू शकते. म्हणून अशा वेळी प्रयोगशाळेकडून मॅग्नेशियमही मोजून घ्यावे. या उदाहरणात ते ०.१६२५ × २४.३ = सुमारे ३.९५ टक्के भरले, तर अंदाज पक्का झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भेसळ मिठाची किंवा वाळूची असेल तर जस्त आणि गंधक दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. प्रमाण १ : १ च राहते, टक्के मात्र घसरतात. म्हणून प्रमाण आणि टक्के या दोन्ही गोष्टी तपासाव्यात.

कृषी सहायकांना शेतावर प्राथमिक चाचणी घेता येते. पिशवीतील थोडे खत शुद्ध पाण्यात विरघळवून त्यात सोडियम हायड्रॉक्साईडचे सौम्य द्रावण थेंब थेंब टाकावे. पांढरा, जेलीसारखा साका तयार होतो. द्रावण आणखी टाकत गेल्यावर जस्ताचा साका पुन्हा विरघळतो, मॅग्नेशियमचा साका विरघळत नाही. तळाशी पांढरा गाळ शिल्लक राहिला तर संशय घ्यावा. सोडियम हायड्रॉक्साईड दाहक आहे, हातमोजे आणि चष्मा वापरावा. ही चाचणी संशयापुरतीच आहे, निर्णय प्रयोगशाळेचाच धरावा.

स्फुरद आणि पालाश : आधी रूपांतर करावे

पोत्यावरील स्फुरद आणि पालाश हे आकडे मूलद्रव्यांचे नसतात. जुन्या रिवाजानुसार ते ऑक्साईडच्या रूपात लिहिले जातात. प्रत्यक्षात ही ऑक्साईडे पोत्यात नसतात. म्हणून मोल काढण्याआधी पुढील गुणाकार करावा :

- फॉस्फरस = स्फुरद × ०.४३७
- पोटॅशियम = पालाश × ०.८३

डीएपीचे उदाहरण घेऊ. नत्र १८ ÷ १४ = १.२९ मोल. स्फुरद ४६ × ०.४३७ = २०.१ टक्के फॉस्फरस, ÷ ३१ = ०.६५ मोल. प्रमाण २ : १. फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे दोन अमोनियम गट. डायअमोनियम फॉस्फेट या नावातला ‘डाय’ येथून आला आहे. रूपांतर न करता थेट १८ आणि ४६ घेतले तर प्रमाण उलटेच येते.

| खत | मोल | प्रमाण | निघणारा पदार्थ |
|---|---|---|---|
| १२-६१-० | नत्र ०.८६, फॉस्फरस ०.८६ | १ : १ | मोनोअमोनियम फॉस्फेट |
| ०-५२-३४ | फॉस्फरस ०.७३, पोटॅशियम ०.७२ | १ : १ | मोनोपोटॅशियम फॉस्फेट |
| १३-०-४५ | नत्र ०.९३, पोटॅशियम ०.९६ | १ : १ | पोटॅशियम नायट्रेट |
| ०-०-५० (गंधक १७.५) | पोटॅशियम १.०६, गंधक ०.५५ | २ : १ | पोटॅशियम सल्फेट |

उदाहरण ३ : कॅल्शियम नायट्रेट, जेथे पूर्णांक येत नाही

ठिबकमधून देण्याच्या कॅल्शियम नायट्रेटवर नत्र १५.५ टक्के आणि कॅल्शियम सुमारे १८.५ टक्के असते. नत्र १.१०७ मोल, कॅल्शियम ०.४६२५ मोल. भागाकार २.३९. शुद्ध कॅल्शियम नायट्रेटमध्ये तो २ यायला हवा. २.३९ ला ओढूनताणून २ करू नये. तो २.४ च्या जवळ आहे. ५ ने गुणल्यास १२ : ५ हे प्रमाण मिळते.

कॅल्शियमच्या ५ अणूंना नायट्रेटचे १० गट लागतात. मग नायट्रोजनचे आणखी दोन अणू कोठून आले? उत्तर लेबलवरच असते : थोडे नत्र अमोनियाच्या रूपात, सुमारे १.१ टक्के. म्हणजे कॅल्शियम नायट्रेटच्या ५ भागांबरोबर अमोनियम नायट्रेटचा १ भाग एकाच स्फटिकात बांधलेला आहे, सोबत पाण्याचे १० रेणू. ही भेसळ नाही, हा दुहेरी क्षार आहे. ४ पाण्यांच्या साध्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये नत्र सुमारे ११.९ टक्के आणि कॅल्शियम सुमारे १७ टक्के भरते. दोन्ही खतांची मात्रा त्यामुळे वेगळी येते. कोणतेही कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांबरोबर एकाच टाकीत मिसळू नये, साका होऊन ड्रिपर बंद पडतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- मिश्र खताचे सूत्र काढणे : १९-१९-१९ वर हीच पद्धत लावली तर नत्र, फॉस्फरस आणि पोटॅशियमचे प्रमाण सुमारे १० : २ : ३ असे येते. आकडे सुबक दिसले तरी असा कोणताही पदार्थ अस्तित्वात नाही. ते अनेक क्षारांचे मिश्रण आहे. सूत्र संयुगाचे असते, मिश्रणाचे नसते.
- लेबलवरील किमान आकड्यांवरून पाणी मोजणे : २१ आणि १० हे आकडे घेऊन स्फटिकजल काढले तर ७ ऐवजी ८ च्या पुढे उत्तर येते. लेबलवर किमान हमी असते, प्रत्यक्ष विश्लेषण नसते. पाण्याचा हिशेब शुद्ध नमुन्याच्या विश्लेषणावरच करावा.
- लवकर पूर्णांक करणे : मोल काढताना तीन दशांश स्थळे ठेवावीत. १.०३ चे १ करावे, १.५ चे २ करू नये.
- एकाच घटकावरून सूत्र ठरवणे : ‘नत्र ४६ टक्के’ एवढ्यावरून युरिया सिद्ध होत नाही. किमान दोन मूलद्रव्यांचे प्रमाण हवे.
- पिशवी उघडी ठेवणे : ७ पाण्यांचे झिंक सल्फेट उष्ण, कोरड्या हवेत काही पाणी सोडते. वजन घटते, टक्के वाढतात. पिशवी घट्ट बांधून सावलीत ठेवावी.

संशय आल्यास काय करावे?

खत घेताना पक्के बिल घ्यावे. त्यावर खताचे पूर्ण नाव, हेप्टाहायड्रेट की मोनोहायड्रेट, आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा. संशय असल्यास त्याच बॅचची न उघडलेली पिशवी जपून ठेवावी आणि बिलासह तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. खत निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्याचा अहवालच कारवाईसाठी ग्राह्य धरला जातो.

अहवाल हाती आल्यावर फक्त ‘प्रमाणित’ किंवा ‘अप्रमाणित’ हा शेरा वाचून तो बाजूला ठेवू नये. त्यातील आकड्यांना अणुवस्तुमानाने भागून पाहावे. पिशवीत काय कमी होते आणि त्याजागी काय भरले असावे, याचा अंदाज तेथेच येतो आणि पुढील तपासणीत नेमके कोणते घटक मोजून मागायचे हेही कळते.